वाचक विचारतात : बॅटरीवरचा फवारणी पंप

बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपाविषयी आलेल्या पत्रांतून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. हातपंपाचा दांडा मारणारा हात थकला की दाब उतरत असे, फवारा मंदावत असे आणि माणूस आपोआप थांबून काय चालले आहे ते पाहत असे. बॅटरीचा पंप मात्र टाकी रिकामी होईपर्यंत एकसारखा गुरगुरत राहतो आणि त्या आवाजामुळेच सारे ठीक चालले आहे असा समज होतो. बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नाही, न केलेल्या मोजणीत आहे. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : हिरवळीतील रुंद पानांच्या तणांसाठी निवडक तणनाशक डबीवर लिहिलेल्या प्रमाणातच फवारले. तीन आठवड्यांनी पाहिले, तर काही पट्ट्यांत तण जसेच्या तसे उभे आहे आणि त्यांच्याच शेजारच्या पट्ट्यांत गवतही पिवळे पडले आहे. औषध एक, पंप एक, दिवस एक. मग असे का व्हावे?

उत्तर : औषध एकच होते, पण ते सगळीकडे सारखे पडले नाही. तणनाशकाचे प्रमाण बहुधा क्षेत्राच्या हिशेबाने दिलेले असते, म्हणजे हेक्टरी इतके. आपण मात्र ते टाकीच्या हिशेबाने ओततो. या दोन हिशेबांना जोडणारी गोष्ट डबीवर कुठेच छापलेली नसते, कारण ती आपल्या चालण्यात असते : आपण एका टाकीत किती जमीन भिजवतो, ती.

ती मोजायला अर्धा तास पुरतो. हिरवळीवर १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असा चौकोन दोरीने आखून घ्यावा. टाकीत एका खुणेपर्यंत नुसते पाणी भरावे, नेहमीच्या चालीने आणि नेहमीच्याच नोझलने तो चौकोन फवारून काढावा, आणि मग टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागले ते मापाने मोजावे. समजा ४ लिटर लागले. म्हणजे १६ लिटरच्या टाकीत ४०० चौरस मीटर हिरवळ होते. औषधाचे प्रमाण हेक्टरी १ लिटर असेल, तर १०० चौरस मीटरला १० मिलिलिटर पडते, म्हणून या टाकीत ४० मिलिलिटर घालायला हवे. आता आपली चाल दुप्पट भरभर आहे आणि त्याच चौकोनाला २ लिटरच पाणी लागले असे धरू. टाकी ८०० चौरस मीटरला पुरेल आणि तिच्यात ८० मिलिलिटर औषध लागेल. पंप तोच, टाकी तीच, औषधही तेच. फरक फक्त पावलांचा, आणि प्रमाण मात्र थेट दुप्पट. डबीवर हेक्टरी पाणी किती वापरावे हेही दिलेले असते. आपली मोजणी त्या मर्यादेत बसत नसेल तर औषध कमीजास्त न करता चाल किंवा नोझल बदलावे.

हे झाले एकूण प्रमाणाचे. आपल्या पट्ट्यांचे कारण मात्र बहुधा हाताच्या झुलण्यात आहे. फवारणी दांडी डावीकडून उजवीकडे झुलवत चालायची आपल्यापैकी बहुतेकांना सवय असते. झोक्याच्या टोकाला पोचल्यावर हात क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो, त्यामुळे दोन्ही कडांना दुप्पट औषध पडते. शिवाय पाऊल पुढे पडत असल्याने दोन झोक्यांच्या मध्ये त्रिकोणी कोरडी जागा सुटते. हिरवळीवर दांडी झुलवू नये. नोझल जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर स्थिर धरून सरळ रेषेत चालावे आणि परतताना आधीच्या पट्ट्याच्या कडेवर थोडे चढून यावे.

किती चढायचे, हे कोरड्या फरशीवर पाहता येते. फरशीवर नेहमीच्या उंचीवरून आणि नेहमीच्या चालीने नुसत्या पाण्याचा एक पट्टा मारावा आणि उन्हात तो वाळताना पाहत उभे राहावे. सपाट पंख्यासारखा फवारा देणाऱ्या नोझलचा पट्टा दोन्ही कडांनी आधी वाळत जातो आणि मधली ओली रेघ सर्वांत शेवटपर्यंत टिकते, कारण अशा नोझलमधून मध्यभागी जास्त आणि कडांना कमी पाणी पडते. लवकर वाळलेला तो कडेचा भाग शेजारच्या पट्ट्याने पुन्हा झाकला गेला पाहिजे. मधोमध नको तिथे वाळलेली रेघ दिसली, तर नोझलमध्ये कचरा अडकला आहे किंवा ते झिजले आहे. ज्यांना एवढे करूनही खात्री वाटत नाही, त्यांनी १०० चौरस मीटरला ठरलेले औषध दोन भागांत वाटून घ्यावे, एक भाग हिरवळीवर उभा आणि दुसरा लगेच आडवा फवारावा. वेळ दुप्पट लागतो, पण पट्टे उमटत नाहीत.

नोझलविषयी दोन शब्द. तणनाशकाला सपाट पंख्याचे, म्हणजे फ्लॅट फॅन, किंवा फ्लड जेट नोझल घ्यावे. पंपाबरोबर आलेले पोकळ शंकूचे नोझल पानांच्या दाट झुडपासाठी ठीक, हिरवळीच्या तणनाशकासाठी नव्हे. चांगल्या नोझलचे रंग आयएसओ १०६२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेले असतात : ३ बार दाबाला पिवळ्यातून मिनिटाला ०.८ लिटर, निळ्यातून १.२ लिटर आणि लाल रंगाच्या नोझलमधून १.६ लिटर पाणी पडते. मापाच्या भांड्यात एक मिनिट पाणी धरून हे पडताळता येते, आणि नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त पाणी पडू लागले की ते नोझल टाकून द्यावे. हेच माप बॅटरी पूर्ण भरलेली असताना एकदा आणि ती उतरत आली असताना एकदा घेऊन पाहावे. दोन्हींत ठळक फरक आढळला, तर तणनाशकाचे काम बॅटरी भरलेली असतानाच उरकावे.

प्रश्न : हिरवळीवर २,४-डी हे तणनाशक फवारल्यानंतर पंप पाण्याने धुऊन ठेवला होता. दहा दिवसांनी त्याच पंपाने गुलाब आणि टोमॅटोवर बुरशीनाशक फवारले. आता नवी पाने अरुंद होऊन पीळ घातल्यासारखी वळली आहेत. बुरशीनाशकच बनावट निघाले काय?

उत्तर : बुरशीनाशकावर आळ घेण्याआधी पंपाकडे पाहावे. आपण वर्णन केलेली पाने, म्हणजे पट्टीसारखी अरुंद, शिरा जवळ आलेल्या आणि शेंडा पिळलेला, ही २,४-डी या तणनाशकाची जवळजवळ ओळखखूण आहे. हे औषध वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. गवत ते बऱ्यापैकी सोसते, रुंद पानांची झाडे मात्र वेडीवाकडी वाढू लागतात. आणि टोमॅटो, गुलाब, द्राक्ष यांना तर त्याचा अगदी थोडा अंशही पुरतो. एकदा विसळलेल्या पंपात एवढा अंश सहज राहतो. तो टाकीत दिसत नाही; तो नळीच्या आतल्या भिंतीत, गाळणीच्या जाळीत, डायफ्रामच्या, म्हणजे पंपातल्या लवचीक पडद्याच्या, घड्यांत आणि खटक्यातल्या वॉशरमध्ये बसलेला असतो, आणि पुढच्या औषधातील विद्रावक त्याला तिथून सोडवून बाहेर आणतात.

दुसरी शक्यता अशी की, हिरवळीवर फवारताना वाऱ्याने बारीक थेंब झाडांकडे गेले असतील. ओळखणे सोपे आहे : पीळ वाऱ्याच्या बाजूच्या झाडांवरच असेल आणि दूर जाताना कमी होत गेला असेल, तर कारण वारा, बुरशीनाशक जिथे जिथे फवारले तिथे सगळीकडे सारखाच असेल, तर कारण पंप. एस्टर प्रकारातील २,४-डी उन्हात वाफ होऊनही पसरते, अमाइन क्षार त्या मानाने कमी उडतो. डबीवर प्रकार लिहिलेला असतो, तो पाहून ठेवावा.

झाडांवर आता उतारा नाही. पाणी नियमित द्यावे, खताचा मारा करू नये आणि नवी फूट सरळ येते का याची वाट पाहावी. गुलाब बहुधा सावरतो. टोमॅटोची फळे मात्र खाऊ नयेत.

पंप धुण्याची रीत अशी. उरलेले द्रावण त्याच हिरवळीच्या फवारायच्या राहिलेल्या कोपऱ्यावर संपवावे. मग स्वच्छ पाण्याने तीनदा धुवावे. दर वेळी टाकी हलवून खटका दाबून पाणी नळीतून आणि नोझलमधून बाहेर काढावे, आणि हे पाणीही हिरवळीवरच सोडावे, गटारात नव्हे. नंतर घरगुती अमोनियाचे १ टक्का द्रावण, म्हणजे लिटरला १० मिलिलिटर, टाकीत आणि नळीत भरून रात्रभर ठेवावे, गाळणी आणि नोझल काढून त्यातच भिजवावे, आणि सकाळी पुन्हा दोनदा साध्या पाण्याने धुवावे. अमोनियाबरोबर ब्लीच कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. एवढे केल्यावरही मी त्या पंपाने टोमॅटो फवारणार नाही. तणनाशकाला वेगळा पंप असावा आणि त्याच्या टाकीवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत ‘तण’ असे लिहिलेले असावे. तो बॅटरीचा असलाच पाहिजे असे नाही, साधा हातपंपही चालतो. आणि हो, तणनाशक फवारल्यानंतर कापलेले गवत कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून घालू नये. पुष्कळदा हाच पीळ तिथूनही येतो.

प्रश्न : चार महिने पंप अडगळीच्या खोलीत होता. आता चार्जरचा हिरवा दिवा तासाभरातच लागतो, पण पंप दहा मिनिटांत बंद पडतो. चार्जर बिघडला की बॅटरी?

उत्तर : बॅटरी, आणि पंपात ती शिसे-आम्ल प्रकारची असावी असा माझा अंदाज आहे, पाठीवरच्या पंपांत १२ व्होल्ट, ८ किंवा १२ अँपिअर-तासांची अशी बॅटरी सर्रास असते. ती वापरली नाही तरी आपोआप उतरत जाते आणि गरम खोलीत जास्त वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कामातून जातो. म्हणूनच ती लवकर ‘भरते’ : पाच लिटरच्या हंड्यात चार लिटर वाळू भरलेली असेल तर तो एका लिटरातच काठोकाठ भरायचा.

व्होल्टमीटर असेल तर चार्जिंग काढून काही तासांनी मोजावे. निरोगी बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. मग पंप चालू करून, खटका दाबून पुन्हा मोजावे. आकडा झरझर खाली आला तर बॅटरी बदलणे हाच उपाय. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, ती बॅटरी विकणाऱ्याकडे परत द्यावी, कारण तिच्यातले शिसे पुन्हा वापरले जाते.

नव्या बॅटरीसाठी पथ्य थोडे आहे, पण ते चुकवू नये. फवारणी झाली की, अर्धी उतरली असो की पूर्ण, त्याच दिवशी चार्ज करावी. पंप ठेवून द्यायचा असेल तर पूर्ण भरून ठेवावी आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियम बॅटरीची तऱ्हा उलटी आहे : तिला दीर्घ विश्रांतीसाठी साधारण अर्धी भरलेली आणि थंड जागेत ठेवलेली मानवते. जागेवर बसते म्हणून शिसे-आम्लाऐवजी लिथियम बॅटरी घालायची आणि चार्जर जुनाच वापरायचा, हा उद्योग मात्र कोणी करू नये. शिसे-आम्लाचा चार्जर १४ व्होल्टच्या वर जातो, तर तीन घटांची लिथियम बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरलेली असते. त्यापुढचे चार्जिंग आग लावू शकते.

प्रश्न : खटका दाबला की मोटर सलग न चालता टर्र-टर्र करत थांबत-चालत राहते आणि फवारा झटके देत येतो. खटका सोडून पंप खाली ठेवला, तरी मधूनच तो क्षणभर चालू होतो. दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : आधी घरीच पाहावे. या पंपात एक प्रेशर स्विच असतो. नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की तो मोटर बंद करतो आणि दाब उतरला की चालू करतो. खटका सोडल्यावर मोटर थांबते ती त्यामुळेच.

खटका दाबलेला असताना टर्र-टर्र होते, याचा अर्थ पंप जितके पाणी ढकलतो तितके नोझलमधून बाहेर पडत नाही. नोझल तुंबले असेल, दांडीच्या मुठीतली बारीक गाळणी भरली असेल किंवा पंपाच्या मानाने नोझलचे भोक फार लहान असेल. नोझल काढून खटका दाबावा. मोटर सलग चालली तर दोष नोझलचा. ते जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करावे, टाचणी किंवा तार घालू नये, भोकाचा आकार बिघडतो. आणि तोंडाने तर मुळीच फुंकू नये. मोटरचा वेग कमी करणारा रेग्युलेटर असल्यास तो थोडा उतरवूनही टर्र-टर्र थांबते. खटका सोडलेला असताना मधूनच चालू होणे हा वेगळा दोष आहे : दाब कुठून तरी गळतो आहे. नळीचे दोन्ही जोड आणि खटक्याखालचा भाग कोरड्या कागदाने पुसून पाच मिनिटांनी पाहावा. कुठेच ओल नसेल तर पाणी पंपातूनच उलटे टाकीत जात आहे, म्हणजे आतल्या झडपेत कण अडकला आहे.

हा कण बहुधा आपणच घातलेला असतो. माझ्या पहिल्या पंपात मी मँकोझेब या बुरशीनाशकाची भुकटी सरळ टाकीत ओतली होती आणि वरून पाणी भरून टाकी दोनदा हलवली होती. पंप तासाभरात बंद पडला. तळाची गाळणी उघडली तर तिच्याभोवती ओंजळभर पिवळट चिखल घट्ट बसला होता. वर फवारले गेले होते ते जवळजवळ नुसते पाणी. भुकटी आधी वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यात कालवून तिची पातळ पेज करावी, टाकी अर्धी भरून ती कापडातून गाळून घालावी आणि मग टाकी पूर्ण भरावी. बॅटरीच्या पंपात बहुधा ढवळणी नसते, म्हणून भुकटीचे द्रावण फवारताना दर काही मिनिटांनी टाकी हलवावी लागते.

प्रश्न : लहान बागेसाठी किती लिटरचा पंप घ्यावा? दुकानात १६ लिटरचाच घ्या म्हणतात.

उत्तर : १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो, त्यात पंप आणि शिसे-आम्ल बॅटरी मिळवली की पाठीवर वीस किलोंहून जास्त भार येतो. कुंड्या आणि दहा-बारा झुडपे असतील तर २ ते ५ लिटरचा हातात धरायचा लिथियम पंप पुरतो. १०० ते २०० चौरस मीटर हिरवळ असेल तर ८ लिटरचा पाठीवरचा घ्यावा. मोठी टाकी अर्धीच भरून वापरता येते हे खरे, पण मोठी टाकी दिसली की द्रावणही जास्तच कालवले जाते, आणि उरलेले द्रावण ठेवता येत नाही की कुठे ओतता येत नाही. खरेदी करताना लिटरपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : तळाची गाळणी हाताने काढता येते का, आणि नोझल, वॉशर व बॅटरी सुटी मिळते का.

प्रश्न : लाल कोळी या पानांवरच्या बारीक किडीवर भांडी घासायच्या साबणाचे पाणी पंपाने फवारले, तर फेसच फेस झाला आणि पंप ओढेना. गुलाबाची पानेही कडेने करपली. साबण वापरूच नये का?

उत्तर : साबण वापरावा, डिटर्जंट नव्हे. भांड्यांचा द्रव तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो, आणि पानावरचे मेणाचे नैसर्गिक आवरण त्याच्या दृष्टीने तेलकटपणाच आहे. कीटकनाशक साबण म्हणून मिळतो तो स्निग्धाम्लांचा पोटॅशियम क्षार असतो. १ ते २ टक्के द्रावणाने तो मावा, पांढरी माशी आणि कोळी यांच्यावर काम करतो. दुष्काळात होरपळलेल्या किंवा नुकत्या लावलेल्या रोपांवर तोही फवारू नये, आणि कुठल्याही झाडाच्या आधी दोन-चार पानांवर फवारून एक दिवस थांबावे. पाणी जड असेल तर साबणाचा साका तयार होतो. तो किडीला मारत नाही, गाळणी मात्र तुंबवतो. अशा वेळी पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे.

फेसावर उपाय क्रमाचा आहे : टाकी पूर्ण भरल्यानंतर शेवटी साबण घालावा आणि टाकी न हलवता काठीने हलके ढवळावे. पंपाने फेस ओढला असेल तर आत हवा अडकते. नोझल काढून, खटका दाबून धरून, पाण्याची अखंड धार येईपर्यंत मोटर चालू द्यावी.

फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. साबण फक्त अंगाला लागला तरच मारतो आणि वाळला की त्याचे काम संपते. कोळी पानाच्या मागे असतो, त्यामुळे वरून कितीही भिजवले तरी उपयोग नाही. वाकडी मान असलेली दांडी झुडपात खालून घालून, नोझल आकाशाकडे करून फवारावे लागते. अंडी साबणाने फारशी मरत नाहीत. म्हणून पाच ते सात दिवसांनी काही पाने उलटी करून भिंगाने पाहावीत, आणि कोळ्याच्या जाळीखाली टाचणीच्या टोकाएवढे नवे ठिपके हिंडताना दिसले तर तीच फवारणी पुन्हा करावी.